एकवीसचे तेहतीस

"बरं केलंत बाई. कुठं वाकायचं ते माणसाला कळलं पाहिजे," असं आमच्या कोपऱ्यावरचा वह्या-कागदांचा दुकानदार आज सकाळी मला म्हणाला. मी लाल शाईची बाटली मागितली होती. ती त्याने फळीवरून काढली, धूळ पुसली, कागदात गुंडाळली आणि गुंडाळता गुंडाळता, बाटलीबरोबर फुकट द्यायची वस्तू असावी तसं हे वाक्य दिलं. "कशाबद्दल म्हणताय?" मी विचारलं. "सभापतींच्या सूनबाई पास झाल्या ना तुमच्या हाताखाली. आणि तुमच्या प्राचार्यांची खुर्ची पुढच्या महिन्यात रिकामी होतेय. ती आता तुमचीच, सगळे म्हणतायत." दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. त्यांतल्या एका बाईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात चक्क कौतुक होतं. तेच मला झोंबलं. दुकानदार माणूस वाईट नाही. वीस वर्षं मी त्याच्याकडून शाई आणि पेन्सिली घेते. टोमणा मारायचा असता तर त्याने नजर चुकवली असती. त्याने मला शाबासकी दिली होती. मी बाटली पर्समध्ये टाकली, पैसे देऊन रस्त्यावर आले, आणि पुढची पन्नास पावलं माझे कान नुसते गरम झालेले होते.

खरं म्हणजे ती पास झालीच नव्हती. शिक्षण समितीच्या सभापतींच्या त्या सुनेला मी वार्षिक पाठाचे पन्नासपैकी एकवीस गुण दिले होते. पास व्हायला पंचवीस लागतात. ते एकवीस पाच दिवसांपूर्वी माझ्या हाताने, लाल शाईने, रजिस्टरात चढलेले होते. परवा प्राचार्यांनी मला खोलीत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि "तीस करा बाई, साहेबांचा फोन होता," असं सांगितलं, तेव्हा मी "नाही" म्हणाले होते. एवढंच म्हणाले होते, आणि दार उघडून बाहेर आले होते. रजिस्टर माझ्या लोखंडी कपाटात होतं, कपाटाची किल्ली पर्समध्ये होती, आणि आज दुपारी ते सह्या होऊन समितीच्या कचेरीत जायचं होतं. म्हणजे मी वाकले नव्हते, तरी शहराने मला वाकवून, घडी घालून कपाटात ठेवूनसुद्धा दिलं होतं. त्या 'नाही'वर मी दोन दिवस जगत होते. भाजी चिरताना ते मला आठवायचं आणि सुरी जरा झोकात चालायची. आणि इथे ते 'नाही' कुणाच्या गावीच नव्हतं.

मी गर्विष्ठ आहे. हे मीच सांगून टाकते, लोकांनी मागून सांगण्यापेक्षा बरं. शिक्षक तयार करणाऱ्या सरकारी विद्यालयात मी एकतीस वर्षं गणित कसं शिकवावं ते शिकवते आहे. आमचे विद्यार्थी शेजारच्या शाळेत खऱ्या मुलांच्या वर्गावर पाठ घेतात आणि आम्ही शेवटच्या बाकावर बसून ते तपासतो. पाठ कसा घ्यायचा ते विद्यार्थी आधी लिहून आणतो, त्याला टाचण म्हणतात. माझी तपासण्याची एक रीत आहे. पाठ चालू असताना मी गुण देत नाही. वहीत डाव्या बाजूला मिनिटं घालायची आणि उजवीकडे पेन्सिलीने जे घडलं तेवढंच लिहायचं. शिकवणारा काय म्हणाला, मूल काय म्हणालं, फळ्यावर काय आलं. मत नाही, शेरा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड डोक्याने ते वाचायचं आणि मग शाईने गुण. सहकारी म्हणतात, बाई पाठ तपासत नाहीत, पंचनामा करतात. म्हणू देत. रजिस्टरात एकदा चढलेला आकडा बदलायचा तर आमच्याकडे नियम आहे, त्यावर एक आडवी रेघ मारायची, शेजारी नवा आकडा, पूर्ण सही, आणि शेऱ्याच्या रकान्यात कारण अक्षरांत. दुसऱ्यांची पानं उघडून बघा, कोंबडी नाचून गेल्यासारखी दिसतात. माझ्या पानांवर एकतीस वर्षांत अशी एकही रेघ नाही. विद्यार्थी मला पाठीमागे फूटपट्टी म्हणतात. जिन्यात ते पहिल्यांदा कानावर आलं त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले होते.

विद्यालयाच्या रस्त्यावर ती शेजारची शाळा आधी लागते. तिच्या बाहेरच्या भिंतीला या वर्षी निळा रंग दिलाय आणि त्यावर सभापतींचा हसरा चेहरा काढलाय, दारापेक्षा मोठा. आतल्या फळ्यांना मात्र सहा वर्षांत काळा रंग लागलेला नाही, खडू घसरतो. मी रोज त्या चेहऱ्याखालून जाते, आज मान वर करून पाहिलं आणि मला वाटलं, हा माझ्याकडे बघून हसतोय. मग स्वतःचाच राग आला. भिंतीवरचं चित्र ते, कुणाकडेही बघून हसेल. मी इथे विद्यार्थिनी म्हणून आले तेव्हा चाळीस जागांना बाराशे अर्ज यायचे. दिवसभर परीक्षा चालायची, सकाळी लेखी, दुपारी तोंडी, संध्याकाळी एक गोष्ट सांगायची, तीही आठ वर्षांच्या मुलांना, आणि ती मुलं ऐकतायत की खिडकीबाहेर बघतायत हे पाहून गुण. वर्षभरात चाळीस पाठ घ्यावे लागत. आमच्या तेव्हाच्या मोठ्या बाईंनी माझ्याकडून भागाकाराचा एकच पाठ सात वेळा करून घेतला होता. सातव्या वेळी त्यांनी नुसता चष्मा काढून पुसला, आणि मी घरी जाताना रस्त्यात रडले होते, आनंदाने. आता पाठ दहा. प्रवेशाची यादी समितीच्या कचेरीतून पाकिटात येते, पाकीट प्राचार्य उघडतात आणि आम्ही हजेरीपटावर नावं उतरवून घेतो. दोन वर्षांपूर्वी त्या यादीतला एक पठ्ठ्या असा होता की त्याला दशांश अपूर्णांकांचा गुणाकार येत नव्हता. शिकवणं सोडा, करताच येत नव्हता. मी त्याला चौदा दिले. अंतिम यादीत तो पास होता, कचेरीत वरच्या वर आकडा बदलला होता आणि माझी सही खाली तशीच होती. तो आज याच निळ्या भिंतीच्या आत सहावीला गणित शिकवतो. कुंपणच शेत खातं म्हणतात ते काय, हे बघायला मला लांब जावं लागत नाही.

शिक्षकांच्या खोलीत कुणी नव्हतं. मी कपाट उघडून रजिस्टर काढलं आणि निरीक्षणाची वहीसुद्धा काढली, कारण वाटेत मी मनाशी ठरवलं होतं. तोंडी 'नाही' पुरे नाही. प्राचार्यांना लेखी टिपण द्यायचं, ही विद्यार्थिनी नापास का, मुद्दा एक, मुद्दा दोन, मिनिटांसकट. त्याच्या दोन प्रती काढायच्या. एक फायलीला लावायची आणि एक मी जवळ ठेवायची, उद्या कुणी बाई वाकली म्हणालं तर नाकासमोर धरायला. कोरा कागद पुढे घेतला, तारीख घातली, 'विषय' असं लिहून त्याखाली रेघ ओढली. मला बरं वाटायला लागलं. भांडणाचा कागद लिहिताना माझं अक्षर नेहमीच छान येतं. मग मुद्दे उतरवायला वही उघडली. त्या दिवसाचं पान समोर आलं आणि पानाआधी तो दिवस आठवला. शाळेच्या फाटकाशी उभी राहिलेली लांबलचक पांढरी गाडी, तिच्यातून तक्त्यांची गुंडाळी घेऊन उतरलेला ड्रायव्हर, आणि त्याच्या मागून, त्याच्या हातातली गुंडाळी काढून घेत, घाईघाईने येणारी ती. मी तेव्हा खिडकीशी पेन्सिलीला टोक करत होते. टोक हवं त्यापेक्षा जास्तच झालं आणि मोडलं. दुसऱ्यांदा केलं. शेवटच्या बाकावर बसले तेव्हा मी मनात म्हणत होते, ये, ये, तुझीच वाट बघतेय.

पाठ होता दशांश अपूर्णांकांची बेरीज, वर्ग सहावीचा, तोच त्या पठ्ठ्याचा. पान असं होतं: 'मिनिट ५. शि. विचारते, पॉइंट सहा आणि पॉइंट पंधरा, मोठा कोण? मिनिट ६. मुलगी, तिसरा बाक: पॉइंट पंधरा. पंधरा सहापेक्षा मोठे म्हणून. मिनिट ७. शि. गप्प. विचारते, आणखी कुणाला असं वाटतं? हात ३१. मिनिट ८. शि. टाचण मिटून टेबलावर ठेवते. सगळा फळा पुसते. मिनिट ९. या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ. एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला एक. मुलांकडून दहा भाग करून घेते. मुलगा, मागचा बाक, सहावर खूण करतो.' यापुढे शाईने मीच दुसऱ्या दिवशी समासात लिहिलेलं होतं: 'टाचण सोडले. फलकावरील शीर्षक पुसले. बेरजेचा आशय पूर्ण नाही.' आशय, दहापैकी चार. प्रश्न, दहापैकी चार. फलक, पाचपैकी एक. मी ते मुद्दे कागदावर उतरवायला घेतले, आणि मुद्दा दोनपाशी, मिनिट हवं म्हणून, खाली वाचत गेले. 'मिनिट १४. प्रत्येक भागाचे आणखी दहा भाग. मुलं रांगेने येतात, खडू भांडून घेतात. मिनिट २१. मुलगी, तिसरा बाक, छोट्या खुणा मोजत जाते. पंधरापाशी थांबते. पुढे सहाच्या खुणेकडे बघते. म्हणते, अय्या, हे तर इकडेच राहिलं. मिनिट २२. शि. काही बोलत नाही. वर्ग बोलतो.'

वर्ग बोलतो. हे मी लिहिलं होतं. माझंच अक्षर, माझीच पेन्सिल. मी एकतीस वर्षं ज्याची वाट बघत शेवटच्या बाकावर बसते ते हेच असतं, शिकवणारा गप्प आणि वर्ग बोलतो, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत घडलं होतं, मी ते इमानाने टिपलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी थंड डोक्याने त्याला दहापैकी चार दिले होते. डोकं थंड कसलं. मी उठले आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातून दोन वर्षांपूर्वीची वही काढली. कशासाठी ते मला ठाऊक होतं, तरी ती सापडू नये असं वाटत होतं. एका शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी होती त्या वर्षी. तिनेही असंच टाचण बाजूला ठेवलं होतं, कारण वर्गाला मुळात पाव आणि अर्धाच कळत नव्हता. तिचा पाठ मी दोन वर्षं प्रत्येक नव्या वर्गाला सांगते आहे. 'टाचण मुलांसाठी असतं, मुलं टाचणासाठी नसतात,' हे माझं वाक्य विद्यार्थी माझ्या आवाजात म्हणून दाखवतात. तिच्या पानावर समासात शाईने लिहिलं होतं, 'टाचण सोडले. उत्तम.' गुण चव्वेचाळीस. दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकच गोष्ट, एकच अक्षर. एकीला उत्तम आणि दुसरीला नापास, का तर एकीची आई मशीनवर बसते आणि दुसरीचा सासरा भिंतीवर हसतो. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यावी तसं मी केलं होतं, सासऱ्यावरच्या रागाने सुनेचे गुण कापले होते. मला एकदम उकडायला लागलं. खिडकी उघडी होती.

आणि मग ज्याला मी सकाळपासून आत येऊ देत नव्हते ते आलंच. माझी मुलगी दहा वर्षांची असताना वर्षभर माझ्याच वर्गात होती. शेजारच्या शाळेत शिक्षक कमी होते म्हणून मला तिकडे पाठवलं होतं. त्या वर्षी वर्गात पहिल्या येणाऱ्याला शहरातल्या चांगल्या शाळेत जागा मिळायची. पोर हुशार होती. आणि सगळे मला आधीच हसून म्हणायला लागले होते, "काय बाई, यंदा पहिला नंबर घरातच." मी तिच्या गणिताच्या पेपरातले सहा गुण कापले, पायऱ्या गाळल्या म्हणून. ती दुसरी आली. शिक्षकांच्या खोलीत सगळे म्हणाले, बाईंनी स्वतःच्या मुलीलासुद्धा सोडलं नाही, आणि मी ते ऐकून खाली मान घालून हसले होते. ते हसू मला अजून आठवतं, तोंडात त्याची चव आठवते. चौदा वर्षांनी माळा आवरताना तो पेपर तिच्या हाती लागला. ती तेव्हा इस्पितळात रक्त तपासायच्या कामाला लागलेली होती, आकडे जसे असतील तसे लिहायची सवय झालेली. तिने शिडीवर बसूनच पेपर नीट पाहिला. "आई, गाळलेल्या पायऱ्या कुठायत? सगळ्या आहेत की." मी काहीतरी म्हणाले, तेव्हाची पद्धत, वेगळे नियम. ती चिडलीसुद्धा नाही. "लोकांनी तुला नावं ठेवू नयेत म्हणून माझे सहा गुण गेले," ती म्हणाली. "तुझा ताठपणा चांगलाच आहे गं. फक्त त्याची झळ दरवेळी दुसऱ्यालाच लागते." आठ दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. तिची माफी मागायची होती ती आजतागायत मागितलेली नाही. तिने पुन्हा कधी विषय काढला नाही, म्हणजे त्या बाबतीतसुद्धा ती माझ्यापेक्षा मोठी निघाली.

मी नव्याने गुण मांडले. ज्या दिवशी पाठ झाला त्याच नोंदी, पण शिवणकामवालीच्या मुलीच्या मापाने. आशय सात, प्रश्न आठ, फलक तीन, मुलांचा सहभाग आठ. टाचणाचे चार आणि प्रस्तावनेचे तीन होते तसे ठेवले. समारोपाला शून्य होतं ते शून्यच राहिलं, कारण समारोप झालाच नव्हता, घंटा झाली होती. बेरीज केली. तेहतीस आली. पुन्हा केली. बोटांनी केली. तेहतीस. सभापतींनी तीस मागितले होते आणि मी वर तीन देत होते. मला हसू आलं, खरंच आलं, रिकाम्या खोलीत एकटी हसले. आता दोनच गोष्टी करता येत होत्या. एकवीस राहू द्यायचे, ताठ मानेने टिपण द्यायचं, आणि माझ्या 'नाही'ची गोष्ट उद्या सगळ्या शहरात जाऊ द्यायची. कुणालाही कळलं नसतं, पेन्सिलीची वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही. किंवा एकतीस वर्षांत पहिल्यांदा रजिस्टरात रेघ मारायची, तीही नेमकी सभापतींच्या सुनेच्या नावापुढे, नेमकी फोन येऊन गेल्यावर, आणि दुकानदाराची शाबासकी आयुष्यभर खांद्यावर वागवायची. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी माझी मूठ टेबलावर ठेवली आणि उघडली. बोटांना शाईचे डाग होते. मग नवी बाटली उघडली, पेन भरलं, फूटपट्टी लावली आणि एकवीसवर रेघ मारली. शेजारी तेहतीस लिहिले, सही केली, आणि शेऱ्यात लिहिलं: 'परीक्षकाची चूक. विद्यार्थिनी कोणाच्या घरची आहे हे पाहून गुण कमी दिले गेले. पाठाच्या नोंदी पुन्हा वाचून दुरुस्ती केली. गुण वाढवण्याविषयी समितीकडून फोन आला होता. त्याचा या दुरुस्तीशी संबंध नाही.'

सहीसाठी रजिस्टर पुढे ठेवलं तेव्हा प्राचार्यांनी आकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा सुटला. माणूस मवाळ आहे, मागच्या पिढीतला, पाकिटं उघडून उघडून थकलेला. "मला माहीत होतं बाई, तुम्ही व्यवहार बघाल. साहेबांना मी परवाच हो कळवून टाकलं होतं," ते म्हणाले. मग त्यांनी चष्मा वर करून शेरा वाचला. दोनदा वाचला. "हे कशाला? नुसतं 'बेरजेत चूक' लिहा."

"बेरजेत चूक नव्हती, सर."

"फोनचं तरी काढा. असलं रजिस्टरात कुणी लिहितं का? साहेब गुणांवर खूश होतील आणि हे वाचून पेटतील." त्यांनी आवाज खाली आणला. "खुर्ची तुमची ठरलेली आहे बाई. मी स्वतः शिफारस दिलीय. हे वाक्य असलं की विसरा. म्हणजे त्यांचं कामही केलंत आणि वैरही घेतलंत. याला काय म्हणायचं?"

"खरं लिहिलंय म्हणायचं," मी म्हणाले. खुर्ची मला नको होती असं मी म्हणणार नाही. हवी होती. त्या खुर्चीत मी स्वतःला अनेकदा बसवून पाहिलेलं आहे. प्रवेशाची दिवसभराची परीक्षा परत आणलेली आहे, पाठ दहाचे चाळीस केलेले आहेत, सगळं मनात. पण आपल्या चुकीवर बोळा फिरवून मिळालेल्या खुर्चीत बसून मी कुणाला चाळीस पाठ करायला सांगणार होते? रजिस्टर मी उचललं, दुपारी देते म्हणाले, आणि बाहेर आले तर दाराशी ती उभी होती.

सभापतींची सून म्हणते आहे मी तिला सकाळपासून. पोर चोवीस-पंचवीसची, पातळ चेहऱ्याची, बाहीला खडू लागलेला. "बाई, दोन मिनिटं आहेत का?" आम्ही शिक्षकांच्या खोलीत आलो. ती बसली नाही. "मला नापासच ठेवा," ती म्हणाली. "काल जेवताना सासरे म्हणाले, काम झालं, बाई तयार झाल्या. मी ताटावरून उठले. मी पाठ चांगला घेतला होता असं मला वाटत होतं. तुम्ही वर्गात सगळ्यांचे गुण वाचलेत, माझे एकवीस ऐकले तेव्हा मी रडले, पण म्हटलं फूटपट्टी चुकत नाही." हे नाव तोंडातून गेल्यावर तिने जीभ चावली. "म्हणजे, बाई चुकत नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा बसेन मी."

मी तिच्यापुढे रजिस्टर सरकवलं आणि वहीसुद्धा. रजिस्टर विद्यार्थ्याला दाखवायचं नसतं. दाखवलं. तिने शेरा सावकाश वाचला, मग वहीतलं पान, मिनिट बावीसपर्यंत. मला वाटलं आता तिचा चेहरा उजळेल. मी त्याची तयारीसुद्धा करून बसले होते, चूक कबूल करणारी मोठ्या मनाची बाई, हेही मी मनात जरा मिरवूनच घेत होते. ती उजळली नाही. मान वर करून तिने विचारलं, "त्यांचा फोन आला नसता तर?"

पाठात तिच्या प्रश्नांना मी आधी चार दिले होते आणि मग आठ. दहा द्यायला हवे होते. एकतीस वर्षांत कुणा विद्यार्थ्याने माझ्या शब्दावर असं बोट ठेवलं नव्हतं. आणि उत्तर मला माहीत होतं, शेरा लिहिताना माहीत नव्हतं, पण आता होतं. फोन आला नसता तर दुकानदार बोलला नसता. तो बोलला नसता तर मी टिपण लिहायला बसले नसते, वही उघडली नसती. एकवीस एकवीसच राहिले असते आणि ही पोर जन्मभर समजली असती की तिला शिकवता येत नाही. "तर तू नापासच राहिली असतीस," मी म्हणाले.

"मग फोननेच पास झाले मी."

"पाठाने पास झालीस. वही फोनने उघडली." हे बोलताना मला माझाच आवाज परका वाटला. मी पेन घेतलं आणि शेऱ्यातल्या शेवटच्या वाक्यावर, 'त्याचा या दुरुस्तीशी संबंध नाही' या शब्दांवर, तिच्यासमोर रेघ मारली. वर लिहिलं, 'त्यामुळेच नोंदी पुन्हा पाहिल्या गेल्या.' सही केली. एका ओळीत दोन रेघा. पान आता इतरांच्या पानांसारखं दिसत होतं.

ती ते वाळेपर्यंत बघत राहिली. मग हळूच, अपराध केल्यासारखी म्हणाली, "आमच्यातल्या आणखी तिघी नापास आहेत बाई. बावीस, एकोणीस, तेवीस. त्यांच्यासाठी कोण फोन करणार?" आणि मी काही म्हणायच्या आत स्वतःच घाबरली. "मी आपलं विचारलं."

"विचारायचंच असतं," मी म्हणाले. "जा आता, वर्गावर जा." ती दारापर्यंत गेली आणि मला तिचा असा काही अभिमान वाटला, की सभापतींची सून हे शब्द मला तिच्या बाबतीत पुन्हा वापरता येणार नाहीत. त्या तिघींना मी ओळखते. त्यांच्यातली एक माझ्या प्रत्येक तासाला उशिरा येते. दुसरी मला उलट बोलली होती. तिसरीचं मला नीट काही आठवेना, आणि ते सगळ्यांत वाईट होतं. मी कपाटाकडे वळले तेवढ्यात प्राचार्य दारात आले. त्यांच्या मागे व्हरांड्यात समितीच्या कचेरीतला माणूस उभा होता, हातात रजिस्टर न्यायची पिशवी, खिशातून डोकावणारा फोन.

"हे आलेत, बाई," प्राचार्य म्हणाले. "साहेबांनी ताबडतोब मागवलंय."

"त्यांना बाकावर बसायला सांगा, सर."

"किती वेळ?"

"तीन पाठ आहेत. एकेकाला तास तरी लागेल."

"अहो, साहेब विचारतील. त्यांना काय सांगू मी?"

"बाई तपासतायत म्हणून सांगा," मी म्हणाले, आणि वहीत एकोणीस गुणवालीचं पान उघडून मिनिट एकपासून वाचायला लागले.